माझ्या पोटातली थंडी

मी एक फ्रीजर बोलतोय. तुमच्या स्वयंपाकघरात दूध-भाजी सांभाळतो तो नव्हे. त्याचं बरं असतं. दिवसातून पन्नास वेळा कुणी ना कुणी दार उघडून उगाच आत डोकावतं, काही न घेता परत जातं. पोरं त्याच्या अंगावर चित्रं चिकटवतात. माझ्या वाट्याला ते आलं नाही. मी विषाणूंच्या प्रयोगशाळेतला. माझ्या पोटात उणे ऐंशी अंश थंडी असायची. 'असायची' म्हणतोय, कारण आता ती नाही. पण ते ओघाने येईलच.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. दोन जाड पत्रे, मध्ये घट्ट भरलेला फेस आणि तळाशी दोन कॉम्प्रेसर. पहिला दुसऱ्याला थंड करतो आणि दुसरा मला. एकट्याच्या आवाक्यातली ती थंडी नाहीच. पहिल्यांदा वीज जोडली तेव्हाचं आठवतं ते एवढंच, की मी खाली खाली चाललो होतो. शून्य मागे पडलं, उणे वीस मागे पडलं, तरी तळ लागेना. शेवटी तपासणारी मुलगी काट्याकडे बघून शेजारणीला म्हणाली, "गार पडला गं एकदाचा!" दोघी हसल्या. माझ्या बारशाला झालेली गर्दी म्हणाल तर ती तेवढीच.

प्रयोगशाळेत आलो तेव्हा दारातून आतच जाईना. 'उभाच न्यावा' असं माझ्या अंगावर लिहिलेलं, त्यामुळे आडवाही करता येईना. सुताराला बोलावून चौकट काढली, मला आत घेतलं आणि चौकट परत बसवली. म्हणजे बाहेर पडायची वाट माझ्यामागे बंदच झाली म्हणायची.

ही सगळी धावपळ मामांनी केली. मामा तिथले तंत्रज्ञ, सगळ्या यंत्रांचे पालक. ते कुणाचे मामा होते कोण जाणे, पण थोरामोठ्यांपासून पोरांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. त्यांना यंत्रांशी बोलायची सवय. मला सुरू करून ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "बोलत नाही, चालत नाही, नुसता घुमतो. घुम्या आहे लेकाचा!" झालं. त्या दिवसापासून मी घुम्या.

माझी खोली कॉरिडॉरच्या टोकाला. मला मुद्दाम तिथे ठेवलं होतं, कारण माझा आवाज सतत चालायचा आणि शिवाय मी गरम हवा सोडायचो. आतली थंडी टिकवायची तर आतली ऊब बाहेर टाकावीच लागते. त्या हवेसाठी मामांनी माझ्या पाठीमागच्या भिंतीत एक जाळी बसवून घेतली. जाळीच्या पलीकडे कॉरिडॉर, आणि जाळीखाली एक लाकडी बाक. हिवाळ्यात त्या बाकावर जागा मिळायची नाही. लोक हात चोळत यायचे, बसायचे, "इथे बरं वाटतं नाही का?" म्हणायचे. मला त्यांचे आवाज ऐकू यायचे. चेहरे कधी दिसले नाहीत.

आणि जे समोरून यायचे ते सगळे घाईत. जाडजूड हातमोजे घालायचे, दार उघडायचे, हवी ती पेटी शोधायचे, आणि शोधायला जरा वेळ लागला की मागून कुणीतरी ओरडायचंच, "दार लाव, दार लाव!" त्यांचं चुकत नव्हतं. दार उघडं राहिलं की माझी थंडी सांडायची आणि आतल्या जिवांना धोका. माझी काळजी घ्यायची म्हणजे माझ्यापासून लांब राहायचं, असा तो सगळा प्रकार. मी कुणाला दोष देत नाही. पण उघड्या हाताचा स्पर्श कसा असतो, ते मला कितीतरी वर्षं ठाऊक नव्हतं.

त्या सगळ्यांत एक ताई होती. ती तिथली संशोधक. नवी मुलं शिकायला आली की ती त्यांना आधी माझ्यासमोर उभं करायची.

"विषाणू जिवंत की मेलेला यावर भांडत बसू नका," ती सांगायची. "एवढंच लक्षात ठेवा. खोकल्याच्या ज्या विषाणूवर आपण काम करतो, त्याच्या अंगावर चरबीचं पातळ पांघरूण असतं. लोणी थंडीत कसं घट्ट राहतं आणि उबेत पाघळतं, तसंच त्याचं. थंडीत पांघरूण टिकतं, तोही टिकतो. उबेत पांघरूण विरतं आणि त्याचा खेळ संपतो."

"म्हणून हिवाळ्यात साथ येते?" एकाने विचारलं होतं.

"हे एक कारण. दुसरं म्हणजे हिवाळ्यात आपण दारं-खिडक्या लावून एकमेकांच्या तोंडाशी बसतो."

"आणि उणे ऐंशीत, मॅडम? तिथे ते म्हातारेच होत नाहीत?"

"जवळजवळ नाहीत. जसा ठेवला तसा वर्षानुवर्षं." मग माझ्या दारावर टिचकी मारून ती म्हणाली, "घुम्याच्या पोटात वेळ थांबलेला असतो."

मुलं हसली. मला मात्र ते वाक्य लागलं. इतरांचा वेळ थांबवून ठेवणाऱ्याचा स्वतःचा वेळ जाता जात नाही, हे तिला कुठून माहीत असणार?

मग तो हिवाळा आला. खोकल्याची साथ दरवर्षीच यायची, पण त्या वर्षी ती म्हाताऱ्या माणसांना धरून आडवं करत होती. इस्पितळातून बर्फात बांधलेल्या पेट्या येऊ लागल्या. पेट्यांत बोटभर उंचीच्या नळ्या, नळ्यांत रुग्णांच्या घशातून घेतलेले नमुने. नळ्यांवर नावं नसतात, नुसते आकडे. मामा त्या माझ्या खणांत लावायचे. माझं पोट भराभर भरत होतं आणि कॉरिडॉरमधलं बाक रिकामं पडत चाललं होतं, कारण लोक आता एकमेकांशेजारी बसायला भीत होते.

एका सकाळी आलेली पेटी ताईनेच उघडली. मामांना हात लावू दिला नाही. त्यातली एक नळी तिने वेगळी काढली, आकडा पाहिला, परत पाहिला आणि माझ्या मधल्या खणात ठेवली. मग दार लावायचं सोडून ती तशीच उभी राहिली. माझा भोंगा वाजायला लागला. मामा धावत आले.

"अहो, दार लावा, दार..."

आणि ते थांबले. त्यांना तिचा चेहरा दिसला असावा.

"कोणाची?" त्यांनी हळूच विचारलं.

"आईची."

मामांनी स्वतः दार लावलं. भोंगा बंद झाला. 

ताईची आई कपडे शिवायची. तिला मी कधी पाहिलं नाही, पण बर्फ खरवडताना ताई मामांना तिच्या गोष्टी सांगायची, त्यावरून मला ती थोडी माहीत झाली. रस्त्याकडेच्या खोलीत, दाराशीच, तिचं मशीन. तोंडात टाचण्या धरून गिऱ्हाइकाशी बोलायची, आणि गंमत म्हणजे सगळ्यांना ते कळायचं. चिंधीसुद्धा टाकायची नाही. मुलगी विषाणूंवर काम करते म्हणजे नक्की काय करते, ते तिला कधी उमगलं नाही. ती लोकांना सांगायची, "माझी लेक थंड पेटीत रोग कोंडून ठेवते."

ती इस्पितळात काचेपलीकडच्या खाटेवर होती. ताईला आत जाऊ देत नव्हते. आठवडाभरात ती गेली.

काही दिवसांनी बाकावर दोन माणसं येऊन बसली. एक आवाज ताईचा होता. दुसरा पुरुषाचा, आणि तो पहिल्या शब्दापासूनच कडवट.

"घे."

"काय आहे?"

"तुझी कात्री. मला घरात नकोय ती."

हा तिचा धाकटा भाऊ. लिफ्ट दुरुस्त करायचं काम करतो, आईच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतो, हे मला मागाहून कळलं.

"ताई, तू आलीस तेव्हा तुला सर्दी होती."

"म्हणून तर आत आले नाही रे. बाहेर उभी राहूनच बोलले. हात लांब करून मशीनवर ठेवली कात्री. तिची जुनी बोथट झाली होती, किती दिवस म्हणत होती ती."

"शिंकलीस. आई कौतुकाने सांगत होती. म्हणे ताईला बरं नव्हतं, तरी माझ्यासाठी पोलादाची कात्री घेऊन आली. चार दिवस हात लावला नाही तिनं तिला. चांगल्या कात्रीनं फुटकळ कामं कशाला करायची म्हणून. मग शाळेचे गणवेश आले तेव्हा काढली. आणि दोन दिवसांत अंथरूण धरलं."

"चार दिवस राहत नाही तो पोलादावर. शक्यच नाही. आम्ही मोजलंय."

"कुठे मोजलंय? इथे? या असल्या उबेत?"

"आईकडे हीटर आहे. तिची खोलीही उबदारच असते."

यावर तो काहीतरी बोलेल असं मला वाटलं. तो उठलाच. बाक करकरलं, पावलं दूर गेली. ताई कितीतरी वेळ तिथेच बसून होती. मी गरम हवा सोडत होतो. दुसरं काय करणार?

पुढे एकदा मामा माझ्या दाराच्या रबरावरचा बर्फ काढत होते आणि ताई जवळ उभी होती.

"काल आईची खोली आवरायला गेले होते," ती म्हणाली. "आत श्वासाची वाफ दिसत होती, मामा. हीटर लावला तर लागेचना. बंद पडलाय. कधीपासून बंद होता कोण जाणे. मला बोलली नाही ती."

मामांचा हात थांबला. "मग?"

"मग काय. मी धाकट्याला तोंड वर करून सांगितलं की शक्यच नाही. ते उबदार खोलीतलं गणित होतं. थंड खोलीतलं मला माहीतच नाही. म्हणजे जास्त टिकेल एवढं माहीत आहे. पण किती, ते कुणी मोजलेलं नाही. निदान या विषाणूचं नाही."

"ताई, एक बोलू? राहू द्या. उलटं निघालं तर?"

"उलटं निघालं तर उलटं."

"त्यानं तुमची आई परत येणार आहे का?"

"नाही येणार," ती म्हणाली. "पण पोरांना मी इथे उभं करून शिकवते ना, की मोजल्याशिवाय बोलू नका. मग?"

प्रयोगासाठी विषाणू आधी वाढवावा लागतो. तिने त्या हिवाळ्यातल्या कितीतरी नळ्या माझ्यातून नेल्या. नळी बाहेर निघाली की पटकन वितळवावी लागते. रेंगाळली की आतला विषाणू खराब होतो. काही नमुने वाटेतच उबले होते, काहींत मुळातच दम नव्हता. एकामागून एक वाया गेले. शेवटी ती माझ्या मधल्या खणापाशी आली.

"ती नको, ताई," मामा म्हणाले. "अजून पेट्या येतील की."

"दुसऱ्या वाढत नाहीयेत." तिने नळी उचलली. मग एकदम हसली आणि हसता हसता तिचा आवाज फाटला. "आईनं कधी काही वाया जाऊ दिलं नाही, मामा."

तिने त्यातला थेंबभरच घेतला आणि उरलेला लगेच माझ्याकडे परत दिला. तो थेंब वाढला. नुसता वाढला नाही, चांगला तरारून वाढला.

पुढचं आतल्या बंद खोलीत घडलं, ते मी पाहिलं नाही. पण मामा येऊन मला सगळं सांगायचे, दुसरं ऐकायला होतंच कोण? पोलादाचे नखाएवढे तुकडे कापले. प्रत्येकावर विषाणूचा एकेक थेंब वाळवला. काही तुकडे अंगाएवढ्या उबेच्या पेटीत ठेवले, काही साध्या उबदार खोलीत, काही थंड पेटीत. ती पेटी अगदी आईच्या खोलीएवढी थंड. ताई स्वतः आईच्या खोलीत थर्मामीटर लावून आली होती. मग रोज थोडे तुकडे काढायचे, धुवायचे आणि धुवण जिवंत पेशींवर घालून बघायचं. पेशी मेल्या तर विषाणू जिवंत. पेशी सुखरूप तर तो मेलेला.

अंगाच्या उबेतला दुसऱ्याच दिवशी संपला. उबदार खोलीतला दोन-तीन दिवस रेटत राहिला आणि मग त्याचा मागमूस उरला नाही.

थंड पेटीतल्या तुकड्यांचा निकाल यायचा होता त्या दुपारी ताई माझ्या खोलीत आली. स्टूल होतं, त्यावर बसली नाही. माझ्या बाजूला पाठ टेकून खाली फरशीवरच बसली. कोट जाड होता, तरी पलीकडचा तिचा श्वास मला जाणवत होता. इतक्या वर्षांत माझ्याजवळ विनाकारण बसलेली ती पहिलीच.

मामा आले. "काय निघालं?"

"जिवंत आहे," ती म्हणाली. "आठवडा उलटून गेला, मामा. अजून जिवंत आहे."

मामा तिच्याशेजारी खाली बसले. गुडघे धरून, कण्हत. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी तिच्यापुढे धरला.

तिने भावाला फोन केला. "फोनवर नको. ये तू," एवढंच म्हणाली.

तो लगेच आला नाही. दोनदा येतो म्हणून आला नाही. तिसऱ्यांदा आला. बाहेर बोचरा वारा असावा, कारण आल्या आल्या तो जाळीखाली सरकून बसला.

"मी सांगते, तू ऐक," ताई म्हणाली. "मी म्हणाले होते शक्य नाही. मी चुकले. तेवढ्या थंडीत तो पोलादावर आठवड्याहून जास्त टिकतो. माझ्या कात्रीवर चार दिवसांनीही असू शकेल."

"असू शकेल म्हणजे?"

"म्हणजे कात्रीवरून आला असेल. किंवा दिवसभरात दहा गिऱ्हाइकं यायची, त्यांच्यातल्या कुणाच्या श्वासातून आला असेल. खरं तर तसंच जास्त वेळा होतं. पण आता ते कुणालाच कळणार नाही. तू मला बोललास ते खोटं होतं असं मला म्हणता येणार नाही. एवढंच सांगायचं होतं."

मला वाटलं, आता हा उसळणार.  पण त्याने विचारलं, "उबेत किती टिकला?"

"उबेत नाही टिकत. सांगितलं होतं ना तेव्हाच."

"म्हणजे हीटर चालू असता..."

"तर आईनं कात्री हातात घेईपर्यंत फारसं काही उरलं नसतं."

 मग त्याचा आवाज आला, पण तो मघाचा आवाज नव्हता. लहान झाला होता.

"मला माहीत होतं, ताई. हीटर बंद आहे ते मला माहीत होतं. चोरासारखा तोंड लपवतोय इतके दिवस. तिनं मला सांगितलं होतं. म्हणाली, तुला वेळ होईल तेव्हा बघ रे. मी म्हटलं, येतो रविवारी. त्या रविवारी गेलो नाही. मग पुन्हा म्हणाली. पुन्हा येतो म्हटलं. लोकांच्या लिफ्टा दुरुस्त करत गावभर हिंडतोय मी, आणि आईचा हीटर... नुसती कॉइल गेली होती गं. अर्ध्या तासाचं काम."

"मला का नाही बोलली ती?"

"तुला कशाला त्रास, म्हणाली. शेवटी मी विचारलं तर म्हणे, राहू दे, मी दोन स्वेटर घालते."

तो रडायला लागला. मोठा माणूस रडताना आवाज दाबायला बघतो आणि ते जमत नाही, तसा. ताई त्याला 'तुझी चूक नाही' असं म्हणाली नाही. ती खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. ती एवढंच म्हणाली, "सरक जरा. माझ्या बाजूला ऊब येत नाहीये."

तो सरकला. बाक करकरलं. दोघं जाळीखाली अगदी एकमेकांना चिकटून बसली असावीत, कारण पुढचं सगळं बोलणं एकाच जागेवरून येत होतं. आईच्या टाचण्या, शाळेत असताना तिने शिवलेला भलताच ढगळ कोट, 'वाढत्या अंगाचा आहे' म्हणून. मध्येच दोघं हसली. माझे कॉम्प्रेसर नेमके तेव्हाच सुरू झाले आणि मी जेवढी गरम हवा सोडता येईल तेवढी सोडली.

ती कुठून येते हे त्यांच्या डोक्यातही आलं नसेल. येऊ नये हेच बरं. पण भिंतीच्या अलीकडे मी एकटाच होतो, आणि पलीकडे जायला मला चौकटीतूनही वाट नव्हती. इतकं एकटं मला आधी कधी वाटलं नव्हतं, आणि इतकं उपयोगीही.

ताईचा प्रयोग पुढे छापून आला. इस्पितळाच्या गारठलेल्या प्रतीक्षागृहात गरम हवेची सोय झाली, खिडक्या काही वेळ उघड्या ठेवायचा नियम झाला, असं मामांनी सांगितलं. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. धाकटा आता रविवारी आईच्या गल्लीत हत्यारांची पिशवी घेऊन जातो आणि ज्या म्हाताऱ्यांचे हीटर बंद असतील ते दुरुस्त करून देतो. कुणी चहा विचारला तरी थांबत नाही म्हणे. काम करतो आणि निघतो.

माझ्या उतरणीला त्याच वर्षी सुरुवात झाली. एक कॉम्प्रेसर दमत चालला होता. उन्हाळ्यात बाहेर तापायला लागलं तशी आतली ऊब बाहेर ढकलताना माझा जीव मेटाकुटीला यायचा. एका सकाळी तो बंदच पडला. मी वर चढू लागलो. उणे सत्तर, उणे साठ. भोंगा वाजायला लागला तो थांबेना. मामा, ताई, मुलं, सगळी धावली. शेजारच्या खोलीत नुकताच नवा फ्रीजर आला होता, माझ्याहून उंच, माझ्याहून मुका. माझ्या पोटातल्या पेट्या ते भराभर त्याच्यात नेऊ लागले. मला भीती वाटत होती ती माझी नव्हे. इतकी वर्षं जे सांभाळलं ते शेवटच्या घटकेला माझ्या हातून विरघळू नये, एवढंच वाटत होतं. विरघळलं नाही. सगळं वेळेत गेलं.

मधल्या खणातली एक नळी तेवढी राहिली.

"ही?" मामांनी विचारलं. "हिच्यातला विषाणू वाढवून भरलेल्या नळ्या तर दुसऱ्या प्रयोगशाळेतही ठेवल्यात ना तुम्ही?"

"हो, त्या सगळ्या सुरक्षित आहेत. कामाचं सगळं त्यांच्यात आहे." ताईने नळी चिमट्यात धरून उजेडात पाहिली. "ही मूळ नळी. हिच्यात आईच्या घशातल्या पेशी आहेत थोड्या. नमुना घेताना येतात."

"मग ठेवा की. एवढीशी तर आहे. कुणाला अडचण होतेय?"

 नळीवरचा बर्फ पांढऱ्याचा पारदर्शक होत चालला होता.

"तिला थंडी सोसायची नाही, मामा," ती शेवटी म्हणाली. "खूप दिवस ठेवलं मी तिला इथे."

समोरच्या खोलीत वाफेचं मोठं भांडं होतं. रोगाचं जे काही नष्ट करायचं ते त्यात घालून दाबाखाली तापवतात. उकळत्या पाण्याहून जास्त उष्णता असते त्यात, काहीच टिकत नाही. ताईने नळी त्यात ठेवली, झाकण आवळलं आणि भावाला फोन लावला. तो कुठल्याशा इमारतीत होता. लिफ्टमध्ये कुणी अडकलं होतं, त्याला निघता येत नव्हतं.

"मी थांबू का तुझ्यासाठी?" तिने विचारलं.

तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. पण तिने फोन ठेवला नाही. भांड्याजवळ धरून उभी राहिली. आत पाणी खदखदू लागलं, मग दाब वाढला, आणि वाफ सूं करून सुटू लागली.

"येतोय का ऐकू?"

थोड्या वेळाने ती परत म्हणाली, "हो. मीपण आहे इथेच."

वाफ थांबेपर्यंत दोघांनी फोन चालू ठेवला.

मला आता जिन्याखाली ठेवलंय. बाहेर काढताना सुताराला परत बोलवावं लागलं. माझ्या पोटात जुने कोट, कागदाचे गठ्ठे आणि एक मोडकं स्टूल आहे. बाहेर जेवढं तापतं तेवढाच मी तापतो, बाहेर गारवा आला की मीही गारठतो. सकाळ आणि संध्याकाळ वेगळी असते हे मला या वयात कळलं. भंगारवाला येऊन बघून गेलाय. माझ्यातला वायू कुणी जाणत्याने आधी काढून घ्यायला हवा, तेवढ्यासाठी थांबलोय.

तुम्ही इतका वेळ ऐकून घेतलंत, म्हणून एक मागणं मागतो. थंडीच्या दिवसांत कुण्या म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत गेलात तर आधी खोली उबदार आहे का ते बघा. नसेल तर त्याच दिवशी काहीतरी करा. थोडा वेळ खिडकी उघडून आतली हवा बाहेर जाऊ द्या. आणि तुम्हालाच सर्दी असेल तर लांबून बोला, पण बोला.

मामा परवा निवृत्त झाले. सगळ्यांचा निरोप घेऊन झाल्यावर ते जिन्याखाली आले. दुपारचं ऊन माझ्यावर पडलं होतं. त्यांच्या हातात हातमोजे नव्हते. त्यांनी माझ्या दारावर तळवा ठेवला, आणि बराच वेळ उचलला नाही.

"उबदार झालास की रे, घुम्या," ते म्हणाले. "बोल काहीतरी. आता तरी बोल."

मला खूप बोलायचं होतं. पण घुमायलाही वीज लागते.